आटप वं

टिकली आमच्याकडे आली ती कापसाच्या गाठोड्यातून. डिसेंबरचा दुसरा आठवडा, दुसरी वेचणी सुरू होती. संध्याकाळी बंडीवरून गाठोडी उतरवत होतो, तर त्यातलं एक हललं. पोरीनं गाठ सोडली. आत कुत्रीचं सात-आठ आठवड्यांचं काळं पिलू, कपाळावर बरोबर मधोमध पांढरा ठिपका आणि मिशांना कापूस. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार पिलं होती, त्यातलं हे एकच उरलं होतं म्हणे. वेचणाऱ्या बायांपैकी कोणीतरी हळूच गाठोड्यात सरकवलं. कोणी ते मात्र शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही. गाठोड्यातला शेर-दोन शेर कापूस तिनं ओला करून ठेवला होता, आणि खरं म्हणजे आमची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढं. कुत्र्यानं कुठं बसावं हे इथं कोणी कुत्र्याला शिकवत नाही. ते फाटकातून बाहेर पडतं, गावभर हिंडतं, ज्याचं नशीब असेल त्याच्या दारात कार्यक्रम उरकतं आणि परत येतं. शेजाऱ्याच्या दारात उरकला तर भांडण, आपल्या दारात उरकला तर पाण्याची बादली. पण आमच्या घरापुढून आता सिमेंटचा रस्ता गेलाय. पोट्टे त्यावरून मोटारसायकल कशी हाकतात ते पाहिलं की फाटक बंद ठेवावंच लागतं. आणि फाटक बंद म्हणजे जे काय व्हायचं ते आतच.

बायकोनं पहिल्याच रात्री अट घातली. "ठेवायचं तर ठेवा, पण तिची एक जागा ठरवा. मी रोज सकाळी उठून शोधत फिरणार नाही."

आई ओसरीवर वाती वळत बसली होती. म्हणाली, "कुत्र्याले कायची आली जागा? माणसाले नव्हती इतके वर्स."

तेव्हा त्या वाक्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

पहिल्या आठवड्यात टिकलीनं स्वतःच एक जागा ठरवून टाकली. पुढच्या अंगणातली, तुळशीपासून चार पावलांवरची, आईनं शेणानं सारवलेली. आई रोज पहाटे सडा टाकते, आठवड्यातून दोनदा सारवते. टिकलीनं घाण केली की आई बडबडत ती उचलायची आणि त्यावर ताज्या शेणाचा हात फिरवायची. आपल्या मते जागा शुद्ध झाली. तासाभरात टिकली नाक जमिनीला लावत तिथंच हजर. आई म्हणे, मुद्दाम करते. मुद्दाम काही नव्हतं. शेणाच्या वासानं आमचं नाक फसलं, तिचं फसलं नाही. कुत्र्याला एकदा जिथं वास लागला ती जागा त्याच्या दृष्टीनं पाटी लावलेली असते, आणि आपण त्या पाटीवर वरून शेण सारवलं तरी तिला खालची अक्षरं वाचता येतात.

शिवाय पायाखाली काय आहे याचीही पिलांना सवय लागते. पिलू तीनेक आठवड्यांचं होईपर्यंत आईच त्याला चाटून साफ करते. पुढं पाय फुटले की ते झोपायच्या जागेपासून बाजूला जाऊन बसायला शिकतं, आणि त्या दिवसांत पायाला जे लागतं तेच पुढं आवडायला लागतं. धुऱ्यावर जन्मलेल्या टिकलीला भुसभुशीत, ओल शोषणारं काहीतरी हवं असायचं. सारवलेलं अंगण चालायचं, कापूस चालायचा, पोतं चालायचं. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. पोरीच्या शाळेची फेरी निघायची होती. आदल्या रात्री तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'स्वच्छता' लिहून तो ओसरीवर वाळत ठेवला. सकाळी पाहतो तर 'स्व' तेवढा वाचता येत होता.

पोरगी रडली. मला हसू आलं, ते गिळून मी टिकलीला रागावलो. नुसता रागावलो नाही. शेजारच्या काकांनी सांगितलेला जुना उपाय केला: मानगूट धरून तिचं नाक त्या ओल्या पुठ्ठ्यावर टेकवलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण केलं. ती कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन, डोळे चुकवत बसली. काका म्हणाले, पाय, समजलं तिले, कसं तोंड केलं.

समजलं काहीच नव्हतं. पुढं वाचनात आलं की अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली नेमका याच 'अपराधी तोंडा'वर एक प्रयोग केला होता. कुत्री होती चौदा. मालकांना कधी खरं सांगायचं, कधी खोटं, की तुमच्या कुत्र्यानं मनाई केलेला खाऊ खाल्ला. निघालं असं की ते तोंड कुत्र्यानं काय केलंय यावर ठरत नाही, मालक रागावलाय की नाही यावर ठरतं. काहीच न केलेलं कुत्रंही रागावल्यावर तसंच तोंड करतं. मी पुठ्ठ्यावर नाक टेकवलं तेव्हा टिकली एकच गोष्ट शिकली: या माणसासमोर ओलं व्हायचं नाही. पुढचे दोन दिवस मी तिला दोरी बांधून बाहेर न्यायचो, ती माझ्याकडे पाहत नुसती उभी राहायची. घरात आलो की दोन मिनिटांत गायब, आणि धान्याच्या कोठीमागून ओघळ.

मग मी मोबाइलवर वाचायला बसलो. तासन् तास वाचलं आणि त्यातून कामाचं निघालं ते मूठभर. पिलू झोपेतून उठलं की न्यायचं, खाऊन झालं की पंधरा-वीस मिनिटांत न्यायचं, खेळून दमलं की न्यायचं. साधारण जितके महिने वय तितके तास ते धरू शकतं, जास्तीची आशा धरायची नाही. म्हणजे टिकलीचे दोन तास. रात्री एकदा उठायचंच. दरवेळी त्याच वाटेनं, त्याच जागी, दोरी लावून न्यायचं आणि गप्प उभं राहायचं. झालं की तिथल्या तिथं, लगेच खाऊ.

हे 'तिथल्या तिथं' मला फार उशिरा कळलं. मी पोळीचा तुकडा ओसरीवर डब्यात ठेवायचो. वाडीत तिचं झालं की तिला घेऊन परत यायचो आणि मग तुकडा द्यायचो. चार दिवसांत ती इतकी हुशार झाली की अर्धवट बसायची, उठायची आणि दोरी ताणत ओसरीकडे पळायची. उरलेलं ओसरीवर. बरोबरच होतं तिचं, बक्षीस ओसरीवर मिळत होतं ना! मी तिला घरी परत येण्याचं बक्षीस देत होतो. तुकडा खिशात ठेवायला लागलो आणि फरक पडला. सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागल्या, ते वेगळं.

जागा कुठली हा प्रश्न सगळ्यात मोठा. आमच्या मागच्या वाडीत कोठा आहे, लिंबोणी आहे, एक जुना कडुलिंब आहे, एका कोपऱ्यात संडास आणि उरलेल्या जागेत आईचे वाफे. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पालक, मेथी, दोन ओळी कांदे. माझ्या मनात लिंबोणीखालची जागा होती. टिकलीला जंताचं औषध द्यायला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी ती मोडीत काढली. म्हणाले, भाजीच्या वाफ्याशेजारी बिलकुल नको. पिलांच्या पोटात गोल जंत असतातच, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि तिथं महिनोन् महिने टिकतात. दुसरे आकडेवाले जंत असतात, त्यांच्या अळ्या अनवाणी तळव्यातूनही शिरतात. वाडीत अनवाणी कोण फिरतं? मी म्हणालो, सगळेच. म्हणाले, मग लांब. आणि शेणखतासारखं हे खतात टाकू नका, खड्डा करून पुरा.

मी इतकी वर्षं शेण हातानं उचलत आलो. शेण, गोमूत्र, बकरीच्या लेंड्या यांना आपल्याकडे घाण म्हणत नाहीत, ते धन आहे. घाण ती माणसाची आणि कुत्र्याची. म्हटलं तर यात थोडं शास्त्रही आहे, गवत खाणाऱ्याची विष्ठा आणि सगळं खाणाऱ्याची विष्ठा सारखी नसते. पण पूर्वजांनी शास्त्र पाहून हे ठरवलं असेल असं मला वाटत नाही, कारण मग ती घाण उचलायचं काम एका माणसानं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं नसतं. शेंडगावचे डेबूजी जाणोरकर, ज्यांना आपण गाडगेबाबा म्हणतो, गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहायचे. हा क्रम मला आता जरा कळतो. टिकलीमागं फावडं घेऊन फिरल्याशिवाय कळला नसता.

तर जागा ठरली कोठ्याच्या पलीकडची, कंपाउंडच्या भिंतीला लागून. चार हात लांब, चार हात रुंद. मी सब्बलनं माती सैल केली, दोन टोपली रेती मिसळली, तीन बाजूंनी तुराट्यांचा गुडघाभर कूड केला. आणि पुढच्या अंगणातल्या तिच्या लाडक्या जागेची वरची चार बोटं माती खरवडून, वासासकट, या नव्या जागेत आणून टाकली. ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती, पण सगळ्यात जास्त ती चालली. ओसरीच्या फरशीला खायचा सोडा आणि पाणी लावून घासलं. फिनाईल मी बंद केलं. त्याचा वास आपल्या समाधानासाठी असतो.

या सगळ्यानंतरही एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत नव्हती. मी नेलं की टिकली दहा मिनिटं हुंगत बसायची. पोरीनं नेलं की खेळायची. आईनं नेलं की मिनिटभरात मोकळी. आई, जिला कुत्र्याची जागा ही कल्पनाच मान्य नव्हती! आणि आई तिला घेऊन जायची तेही आम्हाला कोणाला काही कळायच्या आधी. आम्ही टीव्ही पाहत बसलेलो. आई मध्येच म्हणायची, "तिले लागली हाय." आम्ही पाहावं तर टिकली नुसती उभी. आई उठायची, दार उघडायची आणि खरंच लागलेली असायची.

मी विचारलं, तुले कसं समजते?

"पाय कसे ठेवून रायली ते पाय ना. जागच्या जागी फिरते, मंग थांबते, मंग दाराकडं पायते आन् कोनाकडंच पायत नाई." मग जरा थांबून, "धरून ठेवलेलं मानूस वळखू येते."

एकदा मी मागोमाग गेलो, ती काय वेगळं करते ते पाहायला. अंधार पडत आला होता. आईनं टिकलीला त्या तुराट्यांच्या कुडात सोडलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. माझ्यासारखी टक लावून नाही. तोंड वाटेकडे, पदर डोक्यावर, जशी कोणावर तरी राखण ठेवते आहे. आणि मागं न पाहता, हळू आवाजात, दोनच शब्द म्हणाली. "आटप वं."

टिकली बसली.

हे दोन शब्द मी आधी ऐकले होते. आवाज तोच, अंधार तोच. कुठं ऐकले ते आठवायला वेळ लागला नाही, आठवून घ्यायला लागला.

त्या वर्षांत मी ग्रामपंचायतीत संगणकावर बसायचो. स्वच्छ भारत अभियान आलं होतं, संडासामागं बारा हजार रुपये मिळत होते. गावात घरोघर जाऊन संडासापुढं घरधनी उभा करायचा, फोटो काढायचा, तो चढवायचा, हे माझं काम. २०१८ च्या एप्रिलात ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गडबड फार होती. पहाटे पहाटे गुड मॉर्निंग पथक निघायचं. तालुक्याहून दोघं-तिघं यायची, गावातले चार जण, आणि नोंदी करायला मी. हातात बॅटऱ्या, गळ्यात शिट्ट्या. पुरुष सापडले तर गुलाबाचं फूल द्यायचं, हसायचं. बायांची गोदरी ओढ्याच्या बाजूला होती. तिकडं आम्ही जवळ जायचो नाही, लांबून शिट्टी वाजवायचो. शिट्टीच्या आधी अंधारातून आवाज यायचे, कुजबूज, बांगड्या आणि कोणीतरी कोणाला तरी म्हणायचं, "आटप वं." शिट्टी वाजली की सगळं एकदम थांबायचं आणि साड्या सळसळायच्या.

मी ते ऐकून हसलोही असेन. नोंदवहीत आकडा लिहिला असेल.

आमच्या घरी तोवर संडास होता, २००९ पासूनचा. तोही आईसाठी बांधला नव्हता. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी, ते वर्ध्याचे, पहिला प्रश्न तोच विचारला. महिनाभरात दोन खड्डे खणले, शीट बसवली, दार लावलं. बाबा या घरात आई आली तेव्हापासून म्हणत होते की बांधू यंदाच्या कापसावर. यंदाचा कापूस कधी आला नाही, सून मात्र आली.

आणि गंमत अशी की संडास झाल्यावरही आई किती तरी महिने ओढ्याकडेच जात राहिली. आम्ही चिडायचो. बायको नवी, तिला वाटे सासूबाई रुसल्या. आई म्हणे, "त्या चार भिंतीत मले होतच नाई. खाली गार लागते, दार लावलं का जीव गुदमरते." पायाखालची माती बदलली की होत नाही, हे मी टिकलीबद्दल इतकं वाचलं, पोरीला समजावून सांगितलं, काकांशी वाद घातला. आईला त्या वेळी म्हणालो होतो, "कसली अडाणी आहेस."

हे सगळं मी तिच्यापाशी बोललो नाही. पण त्या रात्री जेवताना मीच विषय काढला, की तुम्ही बाया जायच्या तेव्हा एकमेकींना असंच म्हणायच्या का. आई लाजली नाही. माझ्यापेक्षा ती या बाबतीत कितीतरी मोकळी निघाली. म्हणाली, सगळ्या एकदम बसत नसत, एक दोघी तोंड फिरवून राखण उभ्या राहत. माणूस येऊन रायला का, गाडीचा उजेड पडून रायला का, इंचू-काटा हाय का. उजेडाच्या आत सगळं उरकायचं. एखादीला वेळ लागला की राखणवाली म्हणे, आटप वं. जिचं नाही झालं ती तशीच उठे. मग दिवसभर निंदणात, वेचणीत धरून ठेवायचं, रातपर्यंत. पाणी कमी प्यायचं म्हणजे लागत नाही. "पावसाळ्यात लय हाल. आन् तुमची ते शिट्टी. शिट्टी आयकली का आवरूनच जाय, मंग दोन दोन दिस पोट दुखे."

"मी पण होतो त्याच्यात," मी म्हणालो.

"मले माईत हाय," आई म्हणाली. "भाजी वाढू का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरं झालं.

त्या दिवसानंतर घरात सगळ्यांसाठी टिकलीचा शब्द एकच ठरला. तोवर मी 'शी कर' म्हणायचो, पोरगी 'सू सू', बायको 'चल लवकर'. एका कामाला चार शब्द असले की कुत्र्याला चार कामं वाटतात. 'आटप वं' वर सगळ्यांचं एकमत झालं. पोरीच्या तोंडी ते वऱ्हाडी 'वं' ऐकून आईला भारी मौज वाटते. मी पाठ फिरवून उभा राहायला शिकलो. पाठ फिरवल्यावर टिकलीला खरंच बरं वाटतं की नुसती माझी घाई तिला दिसत नाही, मला सांगता येणार नाही. होतं एवढं खरं. जानेवारीच्या शेवटी आठवड्याभरात घरात एकदाही ओलं झालं नाही, पोरीनं कॅलेंडरच्या मागं सात टिकल्या चिकटवल्या. खऱ्या टिकल्या, आईच्या पाकिटातल्या.

मधे एक खुळही करून झालं. चेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षं सत्तर कुत्र्यांच्या मागं फिरून एक अभ्यास २०१३ साली छापला होता. विष्ठेच्या १,८९३ नोंदी, लघवीच्या ५,५८२. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री बसताना अंग उत्तर-दक्षिण ठेवतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्याला पुढच्या वर्षी इग्नोबेल पारितोषिकही मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. पोरगी मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन आठ दिवस वाडीत उभी. टिकली आठही दिवस कोठ्यातल्या गाईकडे तोंड करून बसली. गाय पूर्वेला बांधतो. आईला ते आकडे सांगितले तर म्हणाली, "त्याइले घरी कापूस वेचाले नसन काय बाप्पा?"

मार्च संपला आणि सगळं बिघडलं. जागा मी डिसेंबरात निवडली होती, तेव्हा तिथलं कोवळं ऊन किती छान वाटायचं. आमच्याकडचा एप्रिल-मे कसा असतो ते विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या पुढं गेला की सकाळी दहाला रेतीवर पाय ठेवता येत नाही. त्यात भिंत सिमेंटची, ती वेगळी तापणार. टिकली कुडापर्यंत यायची, एक पाय आत टाकायची, उचलायची, माझ्याकडे पाहायची. आणि मग मोरीत. मी आधी म्हटलं, शिकलेलं विसरली. मग एका दुपारी चप्पल काढून त्या रेतीवर उभा राहिलो. पाचपर्यंत मोजू शकलो नाही.

जागा हलवायची ठरली, कडुलिंबाखाली. पण एकदम हलवली तर तिला ती आपली वाटणार नाही म्हणून दर दोन-तीन दिवसांनी जुन्या जागेतली थोडी माती पुढं टाकत, हातभर हातभर सरकवत नेलं. वीसेक दिवस लागले. मधल्या टप्प्यावर एक दिवस तिनं आईच्या सांबाराच्या वाफ्यात उरकलं, आणि आईनं अख्खा वाफा उपटून टाकला. महिनाभर घरात सांबार बाजारातून आला, आठवणीसकट. भाजीत वरून घालताना आई दरवेळी म्हणायची, "इकतचा हाय, टिकलीच्या किरपेनं."

कडुलिंबाखाली ती रमली. सावली होती, पालापाचोळा होता. मला वाटलं संपलं आता. येत्या भाद्रपदाच्या आधी ऑपरेशन करून घ्यायचं, तेवढंच राहिलं.

जूनच्या मध्यात मृगाचा पाऊस आला. पहिला दिवस सगळ्यांनी अंगणात भिजून साजरा केला, टिकली पलंगाखाली. दुसऱ्या दिवशीही झड लागलेली. काळी माती ओली झाली की काय होतं ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं: पाय टाकला की माती पायासोबत उठून येते, चार पावलांत चार गोळे. दारापर्यंत यायची आणि मागं फिरायची. संध्याकाळी नेलं, रात्री जेवल्यावर नेलं, छत्री धरून नेलं, पोळी दाखवली, 'आटप वं' सतरा वेळा म्हणालो. काही नाही. पण घरातही काही नाही. रात्री अकराला मी झोपलो तेव्हा ती दाराशी बसली होती, सकाळपासून धरून.

जाग आली ती कडी वाजल्यानं. बाहेर अजून अंधार, पाऊस तसाच. आईच्या खाटेवर आई नव्हती. मी मागच्या दाराशी आलो. आईनं खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली होती आणि कडुलिंबापर्यंत कोठ्यातला कोरडा कडबा पायवाटेसारखा पसरला होता, गाईच्या तोंडचा. त्या कडब्यावरून टिकली एकेक पाय उचलत गेली. बुंध्याशी पाचोळा जरा कोरडा होता, तिथं थांबली, हुंगली, फिरली.

आई पाठ करून उभी राहिली. हातातली बॅटरी तिनं भिंतीकडं वळवली, टिकलीवर उजेड पडणार नाही अशी. पोत्यावरून पाणी निथळत होतं. मी दारातच थांबलो, आवाज केला नाही.

"आटप वं," आई म्हणाली. "उजेड होऊन रायला."